चादरीवर आलेला

भूत असतं का, हे मला विचारून उपयोग नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. भूत नसतं. गेलेलं माणूस आपल्याला हवंच असतं, मग आपण वाऱ्यालाही त्याचं नाव देतो. हे मी आजही छातीठोकपणे सांगते. दिवा तेवढा इकडे सरकवा, म्हणजे मला तुमचे चेहरे दिसतील.

त्या शनिवारी सकाळी मी नारळ खवत बसले होते. खरं तर घरात खाणारं कोणी नव्हतं. माझा धाकटा भाऊ फालानिको इंजिनाची छोटी होडी घेऊन कुपा माशांच्या मागे समुद्रात गेला, त्याला आठवडा उलटून गेला होता. पोलिसांची बोट बेटाला फेऱ्या मारून थकली. एक विमानही वरून घिरट्या घालून परत गेलं. तेव्हापासून आईने अन्नाला हात लावला नव्हता. घास पुढे केला की म्हणायची, "तो तिकडे पाण्यात आणि मी इथे गिळू?" तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं होतं. भावासाठी मी रडून घेतलं होतं, आता आई जायची वेळ आली होती आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

आमच्या सामोआत समुद्रात गेलेल्याचं शरीर मिळालं नाही, तर तो 'आइतू' होऊन किनाऱ्यावर भटकतो आणि आपल्याच माणसांना छळतो, असं म्हणतात. त्यावर जुना उपाय आहे. किनाऱ्यावर पांढरी चादर अंथरायची आणि त्याला हाक मारायची. चादरीवर जो जीव चढेल, मुंगी असो की सरडा, त्याला झटकून टाकायचं. तोच पुन्हा आला तर पुन्हा झटकायचं. तिसऱ्यांदाही आला, की तो आपलाच. मग त्याला चादरीत बांधून घरी आणायचं आणि अंगणात आपल्या माणसांच्या थडग्यांशेजारी पुरायचं. पाद्रीबाबांना हे पसंत नाही, पण अशा दिवशी ते नेमके दुसऱ्या गावाला जातात.

लोसाआत्याने, म्हणजे माझ्या वडिलांच्या बहिणीने, हा बेत ठरवला. मी लगेच होकार दिला, तेव्हा ती चकित झाली.

"तू? शाळेतली शहाणी?"

"आईने जेवायला हवं, आत्या. बाकी मला काही नको."

पण कोणताच जीव तीनदा चढला नाही तर? आई तिथून उठलीच नसती. म्हणून मी नारळाचं घट्ट दूध काढलं आणि चादरीच्या मधोमध चोळलं. आमच्या किनाऱ्यावर शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे ढिगाने आहेत. खोबऱ्याचा वास आला की दहा वेळा झटका, ते दहा वेळा येतात. झालं, विज्ञान!

भर दुपार होती. वारा पडला होता. एरवी खडकांवर आपटणारं पाणी त्या दिवशी तेलासारखं सपाट होतं आणि शेवाळाचा कुबट वास नाकातून जाईना. आम्ही तिघी वाळूत बसलो. आत्याने हाक दिली, "फालानिको... ये बाबा, घरी चल..."

बराच वेळ काही आलं नाही. ढिगाने असणाऱ्या खेकड्यांतला एकही दिसेना. आत्याच्या दुसऱ्या हाकेला पाण्याच्या बाजूने एक आला. चांगला मुठीएवढा, काळ्या शंखातला. आत्याने झटकला. तो आला. पुन्हा झटकला. तो पुन्हा आला, आणि मधोमध चोळलेल्या दुधाकडे वळलाही नाही. थेट आईच्या गुडघ्याजवळ येऊन थांबला. भूक नसेल, मी मनाशी म्हटलं.

"आलास रे..." आई एवढंच म्हणाली आणि चादरीच्या कडा गोळा करायला लागली.

त्याला वडिलांच्या थडग्याशेजारी पुरलं. संध्याकाळी आईने भाजलेला नीरफणस मागून घेतला, नारळाच्या दुधात बुडवून दोन फोडी खाल्ल्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडले.

मंगळवारी शेजारच्या बेटावरच्या पागोपागो बंदरातून फोन आला. पलीकडे फालानिको होता! इंजिन बंद पडून वाहत गेलेली त्याची होडी एका मासेमारी जहाजाला सापडली होती. आई नाचली, हसली, सगळ्या गल्लीला ओरडून सांगून आली. आणि मग पायरीवर मटकन बसली. अंगणातल्या ताज्या मातीकडे बघत तिने मला विचारलं,

"पेलेनिसे, हा जिवंत आहे... तर मग आपण घरी कोणाला आणलं?"

पुन्हा तिने जेवण सोडलं असतं, म्हणून मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. नारळाचं दूध, चादर, खेकड्यांचा हावरटपणा. आईने आधी माझ्याकडे डोळे फाडून पाहिलं, मग झाडू उचलला.

"आईला फसवतेस? माझ्या आसवांना खोबरं लावतेस, मेले?"

दोन फटके बसले. मग तिला हसू फुटलं आणि ती हसतच राहिली. खेकड्यासाठी रडले ग मी, खेकड्यासाठी, असं शेजारणीला सांगताना तिला हसून दम लागला. रात्री ती पोटभर जेवली.

शुक्रवारी मी धक्क्यावर भावाला आणायला गेले. तो वाळून काडी झाला होता. खारं पाणी पिऊन घसा असा गेला होता, की कुजबुजण्यापलीकडे आवाज फुटत नव्हता. बसमध्ये तो माझ्या कानाशी लागून म्हणाला,

"ताई, आईला सांगू नकोस. होडीत मी एकटा नव्हतो."

"म्हणजे?"

"तिसऱ्या दिवसापासून एक जण मागे बसलेला असायचा... पाठमोरा. पाणी उपसायचा. मी झोपलो तरी होडी बुडत नव्हती."

"उन्हाने होतं तसं. तहानेने माणसाला काहीही दिसतं, डॉक्टरांना विचार."

"असेल," तो म्हणाला. "शनिवारी दुपारी तो उठून उभा राहिला. कोणीतरी हाक मारावी तसं त्याने आपल्या बेटाकडे पाहिलं. आणि पाण्यात उतरला... चालत गेल्यासारखा."

चादरीचं मी त्याला सांगितलेलं नव्हतं. फोनवर आईनेही सांगितलं नव्हतं. तरीही मी हसले, त्याच्या गालावर चापटी मारली आणि म्हटलं, "चल, आईने तुझ्यासाठी डुक्कर भाजलंय."

त्या संध्याकाळी गावात शंख फुंकला गेला आणि आम्ही सगळे प्रार्थनेला चटईवर बसलो. आई मधोमध, डोळे मिटून. आईने सूर धरला, आत्याने आणि मी त्यात आपला मिसळला. आमच्या घरातलं गाणं असं बायकांचंच. दुसऱ्या कडव्याला खालून एक जाड पुरुषी सूर उठला. हळू, अगदी बेताचा, पण एकही शब्द न चुकता. मला फार बरं वाटलं. फालानिकोचा घसा सुटला असं वाटून मी वळून पाहिलं.

तो माझ्या शेजारीच होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि त्याने माझा हात दुखेपर्यंत दाबून धरला होता.

'आमेन' झाल्यावर आईने डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

"काय सुरेल आवाज लागला रे तुझा, बाळा! रोज असाच गात जा."

आम्ही दोघांनी होकारार्थी मान हलवली.