वाकळीचा पोत

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या वर्षी, कबनूरला, माझी धाकटी बहीण स्वप्नालीच्या घरी. आणि रात्री नव्हे... भर दुपारी.

स्वप्नाली घरूनच ॲनिमेशन करते. कॉम्प्युटरवरची चित्रं हातानं रंगवल्यासारखी दिसावीत म्हणून खरा कागद, खरं कापड स्कॅन करून त्याचा पोत चित्रावर हलकेच चढवते.

तिची एकुलती एक मुलगी, तेजस्वी, डेंग्यूनं गेली. रिवाजाप्रमाणे पोरीचे कपडे, अंथरूण सगळं नदीला दिलं. जुन्या साड्यांची शिवलेली एक वाकळ तेवढी हिनं लपवून ठेवली.

त्या दुपारी मी गेले, तर ही तेजूचंच चित्र घेऊन बसलेली. पोरगी अंगणात पाठमोरी उभी.

"अक्का, बघ की. वाकळीचा पोत चढवला की ती वळतीया."

"खुळी झालीस काय? चित्र हाय ते!"

तिनं ऐकलंच नाही. वाकळीचं एक टोक स्कॅनरवर ठेवलं.

काचेखालून उजेड सरकला... आणि बाहेर दिवसरात्र खडखडणारे कापडाचे यंत्रमाग थांबले.

अख्ख्या गल्लीचे. कबनूरात इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती.

पडद्यावर तेजू वळली.

मी झटकन पुढं झाले. वाकळ ओढून पाहिली, तर त्या टोकाला ना टाका, ना फूल. पांढरं, कोरं कापड. बाकीची वाकळ तर आधीच कोरी झाली होती.

"संपली गं," स्वप्नाली हुंदके द्यायला लागली. "अजून तिनं हाक न्हाय मारली."

"बास कर. ऊठ आधी!"

"पाया पडते तुझ्या. एकदाच."

मी धरायच्या आत तिनं स्वतःचा तळहात काचेवर दाबला.

उजेड सरकला...

तेजू पार पुढं आली. तिचे ओठ हलले.

"आई."

स्पीकर बंद होता. आवाज आमच्या पाठीमागून आला.

माग पुन्हा खडखडायला लागले. मी बहिणीचा हात उलटा केला. तळहातावर एकही रेघ नव्हती. बोटांचे ठसेसुद्धा नाहीत.

ती मात्र हसत होती.

डॉक्टर ॲलर्जी म्हणाले. मी रागानं स्कॅनर उचलून आणला. तिनं दुसरा घेतला.

काल ती कागलला माझ्याकडं आली. ओढणी सरकली, तर तिचा एक गाल... नुसता गुळगुळीत, त्या वाकळीसारखा कोरा.

"तेजू तुझी आठवण काढतीया, अक्का."

असं म्हणून तिनं माझा हात हातात घेतला. तळहात वर करून बोटानं रेघा चाचपत बसली.

मला भीती वाटत होती. पण खरं सांगते... हात काही काढून घेता आला नाही.