फटफटी घरी आली

ती गाडी बेकरीच्या दारात आडवी झाली, तेव्हा दुपारचे ब्रेड भट्टीत होते आणि बेकरीवाल्याच्या मुलाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते.

आपटली वगैरे नाही. चालवणारी मुलगी गाडी थांबवत होती. तिनं पाय टेकायला टाकला, तर नेमका तिथंच रस्त्याला खळगा. मग ती एवढी मोठी मोटरसायकल, मागच्या बॅगा, त्यावर बांधलेला तंबू, असं सगळं मिळून सावकाश, अगदी आरामात कलंडलं. ती शेजारी उभीच. हेल्मेट काढलं तेव्हा दिसला उन्हानं रापलेला चेहरा, आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचा उजळ पट्टा.

तो धावला. शेजारचे किराणावाले काका धावले. समोरचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट धावला.

"हात लावू नका!" ती ओरडली.

"अहो ताई, तुम्हाला नाही झेपायची ती," म्हणत काका पुढे झालेच. तेव्हा त्यानं, का कोण जाणे, दोन्ही हातांनी काकांना अडवलं.

"नको म्हणतायत ना त्या."

"अरे, पण..."

"काका, नको म्हणतायत."

तिनं वळून त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग इंजिन बंद केलं, बॅगा सोडून बाजूला ठेवल्या, गाडीकडे पाठ केली आणि सीटला टेकून उकिडवी बसली. एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला. कमरेनं नाही, पायांनी रेटत ती एकेक पाऊल मागं सरकली... आणि तेवढं मोठं धूड तिच्या पाठीमागे उभं राहिलं. इतकं देखणं काम त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"माझा शर्ट!" काका म्हणाले. त्यांच्या काळ्या शर्टावर पिठाचे दोन पांढरे पंजे उमटले होते.

ती हसली. "सगळा देश पालथा घातला, कुठं पडले नाही. पडले ती स्वतःच्या घरापाशी."

"घर कुठलं तुमचं?"

"तेच तर शोधतेय! मी फिरत होते तेवढ्यात आईनं घर बदललं. म्हणाली, बेकरीच्या मागची पिवळी इमारत."

"मग बेकरी सापडली म्हणायची."

"सापडली कसली, अंगावर घेतली." ती बॅगा बांधू लागली. बांधता बांधता म्हणाली, "दोन महिने गाडी ढकलायला धावून येणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगतेय, हात लावू नका म्हणून. ऐकणारे तुम्ही पहिलेच."

त्या दिवशीचे ब्रेड जरा जास्तच लाल झाले. बाबांनी एक हातात घेतला, मुलाकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

गल्लीनं तिचं नाव ठेवलं फटफटी. ती दातांच्या कवळ्या बनवायची. कामावर जायला अजून थोडे दिवस होते. नव्या घरात खोकी उघडायची होती, पण तिचं मन लागत नव्हतं. मग दुपारी गिऱ्हाईक नसताना ती बेकरीत यायची आणि मैद्याच्या पोत्यावर बसायची.

"ही बिस्किटं अशीच कडक ठेवा हं," पहिल्याच दिवशी म्हणाली. "माझा धंदा चालतो."

"मग एक खाऊन बघा."

"मला माझेच दात बसवायची वेळ आणता की काय?"

तो ट्रेला तूप लावत राहायचा आणि ती बोलत राहायची. घरी परतून आठवडा झाला तरी पलंगावर पडलं की अजून रस्ता अंगाखालून सरकतो म्हणाली. सकाळी उठून आधी गाडीची साखळी बघते, मग तोंड धुते.

"सगळे विचारतात, किती किलोमीटर झाले? गाडी किती देते? काय दिसलं, ते एकानं विचारलं नाही."

"काय दिसलं?"

ती हळूच म्हणाली, "एक घाट उतरत होते. वळणावर पाहिलं तर अख्खी दरी ढगांनी भरलेली, आणि त्या ढगांतून वर आलेलं एकच झाड. मी गाडी थांबवली आणि जोरात म्हणाले, बघ ना!"

"कुणाला?"

"तेच ना. कुणीच नव्हतं. हेल्मेटमध्ये माझाच आवाज... आणि मी रडले. भीतीनं नाही हं! भीती पहिल्याच आठवड्यात संपली होती. पण ते सगळं इतकं होतं... मी एकटी त्याला पुरत नव्हते."

त्याचा हात ट्रेवरच थांबला. एवढं धाडस करून आलेली मुलगी आणि एवढं खरं बोलते, असं त्याला वाटलं.

"हे आईच्या कानावर जाऊ देऊ नका," ती उठत म्हणाली. "ती अपघात विभागात नर्स होती. गाडीचं नाव काढलं की डोकं फिरतं तिचं. मला करमलं नाही असं कळलं, तर त्याच आठवड्यात गाडी विकेल आणि मलाही उजवेल."

आणि दोनच दिवसांनी तिची आई ब्रेड घ्यायला आली. सुटे पैसे परत घेऊनही हलेना.

"तुझ्याशी बोलते ना ती? खरं सांग बाळा, एकटीला करमलं नाही ना तिला? तसं असेल तर मी आजच गाडीला गिऱ्हाईक बघते. आणि तिच्यासाठी मुलगा..." तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुझंही अजून कुठं जमलेलं नाही म्हणे?"

एक 'हो' म्हटलं की झालं. गाडी जाणार, फटफटी इथंच राहणार, आणि बहुतेक याच घरात येणार. बाबांचं आतलं पीठ मळणंसुद्धा थांबलं होतं.

"फार सुंदर होतं म्हणाल्या सगळं," तो म्हणाला. "बाकीचं तुम्ही त्यांनाच विचारा ना, काकू."

आई गेल्यावर बाबा बाहेर आले. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास."

"हो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पण पोत्यावर बसली नाही. तो भट्टीत ट्रे सरकवत होता.

"आईनं तुम्हाला माझ्यासाठी विचारलं, आणि तुम्ही तिच्या हातात ब्रेड ठेवलात!"

"तसं नव्हतं ते..."

"मग कसं? सांगून टाकायचं होतं. गाडी गेली असती, मी मिळाले असते."

"रुसलेल्या मिळाल्या असतात. तसं नको मला."

"मग कशी हवी?"

त्यानं हात पुसले, पुन्हा पुसले. "जाणारी. आणि... आल्यावर इथं बसून सगळं सांगणारी."

ती म्हणाली, "आईला मीच सांगितलं काल. ढग, झाड, रडणं, सगळं."

"मग? गाडी?"

"आई म्हणाली, तुझे बाबा गेले त्याला इतकी वर्षं झाली, तरी काही चांगलं दिसलं की मी अजून वळून त्यांना सांगायला जाते. करमत नाही म्हणून बघणं थोडंच सोडायचं?" तिनं डोळे पुसले. "गाडी राहू दे म्हणाली. फक्त हेल्मेट नवीन घे."

"घ्या ना. चांगलं घ्या."

"पुढच्या वर्षी परत जाणार आहे मी. एकटीच. चालेल?"

"चालेल."

"आणि बाकीचं वर्ष?"

"बाकीचं वर्ष मी पहाटे उठतो, अंगाला यीस्टचा वास येतो, आणि रविवारीसुद्धा सुट्टी नसते... चालेल?"

तिनं त्याचा हात हातात घेतला, पिठासकट. "असं काय विचारतोस रे?"

"करपलं!" आतून बाबा ओरडले. "अरे, नाक कुठं गहाण टाकलंस?"

दोघांनाही वास येत होता. कुणीच हललं नाही.

त्या संध्याकाळी गल्लीत कुणालाच ब्रेड मिळाला नाही. किराणावाले काका कारण विचारायला आले, तेव्हा बाबांनी नुसतं आत बोट दाखवलं. काकांनी डोकावून पाहिलं, दुकानाचं दार हळूच लोटून घेतलं आणि बाहेर उभं राहून आल्यागेल्याला सांगू लागले, "उद्या या... आज घरचं कार्य आहे."