एकाच पेल्यातला काढा

२०४६ साल. सांगलीच्या एका कॉलेजात नव्या तापाची साथ शिरली होती, आणि बारा वर्षांच्या इरावतीला एक कोडं सुटत नव्हतं. तिचा दादा निषाद कॉलेजच्या एकांकिकेत होता. चोवीस जणांची टीम, त्यातले चार आडवे. आणखी एक पडला की पुढच्या शनिवारचा प्रयोग रद्द, असं प्राचार्यांनी बजावलेलं. तरी तालमीआधी गवती चहाचा काढा सगळे एकाच पितळी पेल्यातून प्यायचे. टीमची जुनी रीत. एवढी शिकलेली माणसं असं का करतात, तिनं आजोबांना विचारलं.

आजोबा साथरोगतज्ज्ञ (साथ कशी पसरते ते शोधणारा माणूस). या तापाचा विषाणू (आजार पसरवणारा अतिसूक्ष्म कण) अंग तापायच्या दोन दिवस आधीच थुंकीत असतो, हे त्यांनी पोरांना तीनदा सांगितलं होतं. पोरांनी तीनदा माना डोलवल्या आणि पेला फिरवला.

"कळतं सगळं लेकाच्यांना," आजोबा म्हणाले. "अडतंय दुसरीकडेच. ठोकळ्याला घेऊन जा."

ठोकळा म्हणजे त्यांचा यंत्रमानव. फ्रिजएवढा, पण चुगली न करणारा. इरावतीनं त्याला तालमीच्या दारात उभं केलं. येणाऱ्या प्रत्येकाच्या कानात त्यानं एकच विचारलं: उष्ट्या पेल्यातून प्यायला आवडतं का? नाव कुणाचं फुटणार नाही, ही बोली. मग त्याच्या पोटावर आकडा उमटला. वीसपैकी वीस जण म्हणाले होते, नको.

सगळे दिग्दर्शक विश्वजितकडे वळले. पेला नाकारणाऱ्यावर डोळे वटारायचा तो हाच.

"तूपण?" निषादनं विचारलं.

"पहिल्या वर्षापासून मळमळतंय रे. मला वाटलं, तुमचा जीव आहे त्याच्यावर."

"आणि आम्हाला वाटलं, तुझा."

काढा त्या दिवशी आपापल्या कपातून प्यायला गेला. एकानं तर दाढीचा मग आणला.

घरी आजोबांनी गुंता सोडवला. मनातून प्रत्येकाला नको असतं, पण बाकीच्यांना हवंय असं धरून जो तो गप्प बसतो. हा सामूहिक गैरसमज (सगळ्यांनी मिळून केलेली एकच चूक). नुसत्या धाकानं तो हलत नाही. खरा आकडा दिसला की विरघळतो.

पाचवा कुणी पडला नाही. शनिवारी पडदा उघडायच्या आधी इरावती मास्क लावून पहिल्या रांगेत बसली. शेजारची कॉलेजातली ताई हातातला मास्क चुरगाळत इकडेतिकडे बघत होती.

"लाव की ताई," इरावती म्हणाली. "मलापण लाजच वाटत होती."

ताईनं लावला. थोड्या वेळानं मागच्या रांगेत कुणीतरी हळूच मास्कची पुडी फाडली. मग अजून एक.