चादरींच्या घडीतले बुसोले

बेकरीवाल्या पालमिरोने भट्टीचं दार उघडलं आणि आम्ही सगळ्या बायका एकदम गप्प झालो. दरवर्षी असंच होतं. ईस्टरच्या आठवड्यात अख्ख्या बुरानो बेटाचं पीठ याच भट्टीत भाजायला येतं, आणि त्या काळोखातून सोन्याच्या कड्यांसारखे बुसोले बाहेर येऊ लागले की मला अजूनही हात जोडावेसे वाटतात. मैदा, लोणी, साखर, अंडी... एवढ्याशातून असली बिस्किटं?

तेवढ्यात एक ट्रे बाहेर आला आणि बायका फिस्सकन हसल्या. कडी कसली, थापट्याच! मधली भोकं पार बुजलेली.

"माझे आहेत," दारातून आवाज आला. ओर्फेओ. पलीकडच्या गल्लीतला कोळी. त्याची आई हिवाळ्यात गेली, तेव्हापासून तो घरात एकटाच.

"बुसोले वळलेस की होडीचे दोर?" मी म्हटलं.

"कोळ्याचे हात आहेत, नोरीना. लेस विणणारी बोटं कुठून आणू?"

माझं नाव ठाऊक होतं त्याला! मी इतकी गोंधळले की माझ्या ट्रेमधले ओंजळभर बुसोले त्याच्या ट्रेमध्ये टाकले. "घे. एका बैठकीत फस्त करू नकोस."

"खायला नकोच आहेत मला," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असा काही बघत राहिला की... जाऊ दे.

शनिवारी सकाळी त्याने मला पुलावर गाठलं. "तुझ्या बुसोल्यांना वासच नाही."

"काय?" माझं डोकंच सणकलं. "माझ्या? आधी नाक दाखवून ये डॉक्टरला!"

"मग येऊन बघ की."

गेले तरातरा. त्याच्या शेजारची जेम्मा मावशी आपल्या उंबऱ्यात लेस विणत बसली होती. "दार सताड उघडं राहू दे हं," ती मान वर न करता म्हणाली.

आत टेबलावर बांधलेली पिशवी होती.

"कुठे निघालास?"

"खाडीपलीकडे, मार्गेराला. मामा कारखान्यात लावून देतोय." त्याने कपाटाकडे बोट केलं. "आई असताना ईस्टरला ते उघडलं की चादरी, माझे शर्ट, सगळं घर बुसोल्यांनी दरवळायचं. यंदा तो वास आला तर राहीन. नाहीतर कुलूप लावून जाईन. नुसत्या भिंतींसाठी कोण राहतं?"

हा गेला तर...? आणि तेव्हा मला कळलं, मी इथे वासावरून भांडायला आलेच नव्हते.

"ठेवलेस कुठे बुसोले?"

त्याने घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा पुढे केला. "सादळतील म्हणून..."

"अरे देवा! बुरानोचाच ना तू? की व्हेनिसहून आलेला पाहुणा? चादरींच्या घडीत ठेवतात ते!"

आम्ही त्याच्या आईच्या चादरी उलगडल्या. एक घडी, फडक्यात दोन-तीन बुसोले, वर दुसरी घडी. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली — आणि दोघांनीही हात काढले नाहीत. मग कपाट बंद केलं.

"आता?"

"आता उद्या. तोवर उघडलंस तर बघ!"

ईस्टरच्या प्रार्थनेहून मी थेट तिकडेच गेले. तो कपाटासमोर उभा होता, पण हात लावायचा धीर होत नव्हता. शेवटी मीच दार ओढलं.

काय सांगू! लोणी, लिंबाची साल, उन्हात वाळलेलं कापड... वास नुसता घरभर पसरला. मी तिथल्या तिथे उभी राहिले. एवढं सुंदर काही आपल्या हातून होतं? माझ्या?

ओर्फेओने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"हा आईचा नाही," तो हळूच म्हणाला. "ती रम घालायची."

"मी लिंबू घालते," मी पुटपुटले. संपलं सगळं. "मग... जाशील?"

त्याने चादरीची घडी चेहऱ्याशी धरली. "आईचा वास गेला तो गेला, नोरीना. मीच वेड्यासारखा शोधत होतो. पण आज इथे पुन्हा कुणीतरी राहतंय असं वाटतंय... कुणीतरी राहावं असं वाटतंय."

"नीट सांग."

"तू. तू राहावंस. मी कुठ्ठे जात नाही."

बाहेर जेम्मा मावशीची गुणगुण एकदम थांबली. माझे कान तापले होते, तरी म्हटलं, "दोन-दोन घरांचं पीठ मळायला मला नाही हं जमणार. पुढच्या ईस्टरला कुठल्या घरचं मळायचं, ते माझ्या आईला येऊन विचार."

"आत्ता?"

"नाही, म्हातारा झाल्यावर!"

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तो गल्लीत पोचलासुद्धा. आणि मी चर्चचे चांगले बूट घालून त्याच्यामागे धावत सुटले... कारण आईला यातलं अजून काहीच माहीत नव्हतं!