शेतावर ठेवलेली मुलगी

माझ्या नवऱ्याला, गिरीशला, आयोवातल्या एका छोट्या गावात हॉस्पिटलची नोकरी मिळाली, म्हणून चौऱ्याऐंशीच्या फॉलमध्ये, थंडीच्या तोंडावर, आम्ही मक्याच्या शेतांमधलं ते जुनं घर भाड्याने घेतलं. मागे एक रिकामं कोठार होतं. आमची सहा वर्षांची सीमा दिवसभर तिथेच खेळायची. मला बरंच वाटायचं, सामान लावायला मोकळीक मिळायची.

थंडी वाढली तशी ती गप्प होत गेली. जेवायला टेबलाशी बसेना. ताटली घेऊन दाराशी उभ्यानेच खायची. केसांना ओल्या पेंढ्याचा, जनावरांचा वास यायला लागला. कोठारात तर एकही जनावर नव्हतं. एका दुपारी मी तिचे हात धुवायला घेतले, तर तळव्यांवर फोड... काही ताजे, काही जुने, घट्टे पडलेले.

मी काही विचारायच्या आत ती इंग्रजीत म्हणाली, "काम झालं सगळं, मॅम. मला न्यायला कधी येणार?"

"कोण?"

"माझी मदर."

"मी इथेच आहे ना, राणी..."

तिने मान हलवली. अदबीने, परक्या बाईपुढे हलवावी तशी.

शेजारच्या शेतावर मिसेस लार्सन राहायच्या, म्हाताऱ्या होत्या. त्यांच्याकडे जाऊन मी रडले. मग त्यांच्या आजीकडून ऐकलेलं त्यांनी सांगितलं. शंभरेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कची गरीब, अनाथ मुलं आगगाडीने इकडे आणत. शेतकरी स्टेशनवर त्यांचे दंड चाचपून बघत आणि कामाला ठेवून घेत. आमच्या घरातही अशी एक मुलगी होती. तिची आई जिवंत होती, घ्यायला येते म्हणाली होती. मुलगी कोठारात झोपायची. एका हिवाळ्यात तिथेच गारठून मेली.

त्याच आठवड्यात आम्ही ते घर सोडलं, न्यू जर्सीत पार्सिपनीला आलो. डॉक्टर झाले, मानसोपचार झाले. सीमा शाळेत जाते, अंगाने भरली आहे. सगळे म्हणतात, बरी आहे. मला मात्र ती अजून मॅमच म्हणते. मी जवळ घेतलं की मी सोडेपर्यंत अंग आखडून उभी राहते.

काल मिसेस लार्सनचा फोन आला. ते घर तेव्हापासून रिकामंच आहे. पण दिवस कलला की कोठारातून लहान मुलीचं रडणं ऐकू येतं. आत जाऊन बघितलं तर कुणी नसतं.

"एकच शब्द म्हणत असते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "इंग्रजी नाही तो. तुमच्या भाषेतला असेल म्हणून विचारते... 'आई' म्हणजे काय?"