पनागरच्या रस्त्यावरचा डाव

कंदील राहू दे तसाच, विनता. आणि बळीराम, तू इकडे सरक. मी सांगून राहिलो ते माझ्या शेजाऱ्याचं आहे, श्रीपाद मास्तरांचं.

लढाई सुरू व्हायच्या आदल्या सालची पौषातली अवस. त्याची बायको, शरयूवहिनी, तापाने फणफणलेल्या. पनागरच्या वैद्यांचा काढा उतार देतो असं कोणी सांगितलं, तर श्रीपाद संध्याकाळी सायकलवर निघाला. वहिनींजवळ मी बसलो.

काढा मिळाला. परतताना वाऱ्याने सायकलचा दिवा विझला. रस्त्याकाठच्या एका घराच्या दाराफटीतून उजेड दिसला, म्हणून हा काडीपेटी मागायला गेला.

आत एक म्हातारा. अनवाणी, समोर बुद्धिबळाचा पट मांडलेला.

"भैया, माचिस देता का? घरी बायको बिमार आहे."

"देंगे. पहले एक बाज़ी."

श्रीपादला बुद्धिबळाचा नाद मोठा. पण त्या रात्री मन घरी. हा पटकन हरला, हात जोडून उठला. दार उघडून बाहेर पाऊल टाकलं...

तीच खोली. तोच पट. तोच म्हातारा.

"जीतकर जाइए," म्हातारा म्हणाला.

पुन्हा दार उघडलं. पुन्हा तीच खोली. खिडकी नव्हतीच. काढ्याची बाटली छातीशी धरून हा खाली बसला.

दुसऱ्या डावात त्याने आपला नेहमीचा हल्ला चढवला. हत्ती मोकळा केला, घोडा पुढे घातला. जिंकतच होता, पण घाईत घोडा भलत्याच घरात पडला. तिथेच डाव गेला.

तिसरा डाव. म्हाताऱ्याने हत्ती मोकळा केला. घोडा पुढे घातला. श्रीपाद पाहतच राहिला. ह्या तर आपल्याच चाली! त्याच क्रमाने. आणि शेवटी म्हाताऱ्याचाही घोडा त्याच भलत्या घरात पडला. पण तोवर श्रीपादजवळ त्याचा फायदा घ्यायला मोहरंच उरलं नव्हतं. हा हरला.

हरला, पण एक गोष्ट कळली. म्हातारा खेळत नव्हता. बघत होता. मागच्या डावात आपण जे केलं ते करत होता. चुकीसकट.

चौथ्या डावात श्रीपादने मुद्दाम मूर्खपणा केला. वजीर फुकट दिला. राजा एकटा मैदानात आणला. म्हाताऱ्याने मात केली. हसला नाही. फक्त पाहिलं.

पाचवा डाव.

म्हाताऱ्याने वजीर पुढे सरकवला. फुकट.

श्रीपादने श्वास रोखला.

मग राजा. एक घर. आणखी एक...

"शह," श्रीपाद म्हणाला. "आणि मात."

म्हातारा पटाकडे बघत राहिला. मग श्रीपादकडे. मग दाराकडे.

"अच्छा..." तो हळूच म्हणाला. "ऐसे जाते हैं."

दार उघडं होतं. बाहेर रस्ता होता. सायकल होती. श्रीपादने मागे पाहिलं नाही. अंधारात, दिव्याशिवाय...

उजाडता उजाडता तो घरी पोचला. मीच बाटली घेतली, वहिनींना काढा पाजला. दुपारपर्यंत ताप उतरला. वहिनी वाचल्या. हे सारं त्याने मग मला सांगितलं.

पण त्याआधी, काढा पाजून झाल्यावर, मी तोंड धुवायला अंगणात आलो होतो. दहिवराने माती ओली होती. श्रीपादच्या जोड्यांचे ठसे फाटकापासून ओसरीपर्यंत उमटलेले.

त्यांच्या बाजूने दुसरे. अनवाणी.

काहून कोण जाणे, मी ते मोडले नाहीत. वाकून पाहत पाहत गेलो. ओसरी चढून ते घरात गेले होते.

बाहेर येणारे... मी पुष्कळ शोधले.