उजागरेसाहेबांच्या आवाजातली विचारपूस

जेवणाच्या टेबलावरचा संगणक इतक्या अदबीनं बोलत होता, की रत्नप्रभाबाईंनी स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून पाहिलं. त्या घरात इतक्या अदबीनं बोलण्याची कुणाला सवय नव्हती.

“सलाम, साहेब. मी मेंढपाळ. तुमच्या मंडळीची सभासद-नोंद मी सांभाळणार आहे. सुरुवात करू या?”

“करा, करा. लवकर आटपा,” शमुवेल उजागरे म्हणाले.

उजागरेसाहेब वीज खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि गावातल्या चर्चचे, म्हणजे मंडळीचे, सेक्रेटरी होते. पाळक, म्हणजे धर्मगुरू, होण्यासाठी आता फारसं कुणी पुढे येत नसे. एकेका पाळकाकडे चार-चार गावांच्या मंडळ्या असत. रविवारची उपासना उरकली की पाळकांची गाडी पुढच्या गावाला पळे. सभासदांच्या घरी जाऊन बसायचं, विचारपूस करायची, प्रार्थना करायची, ती जुनी घरभेटीची पद्धत केव्हाच मोडीत निघाली होती. तेव्हा चर्चच्या मुख्य कार्यालयानं सगळ्या मंडळ्यांना ‘मेंढपाळ’ ही संगणक-प्रणाली सक्तीची केली. चर्चच्या ऑफिसचं छप्पर गळत होतं, म्हणून तो संगणक साहेबांच्या घरी येऊन बसला.

बाप्तिस्मे, दृढीकरणं, लग्नं, मयतं अशा सगळ्या जुन्या नोंदवह्या साहेबांनी कॅमेऱ्यासमोर धरल्या आणि मेंढपाळानं पुसट शाईसुद्धा न अडखळता वाचून घेतली. मग तो म्हणाला, “आता तुमची स्वरछाप हवी. काहीही वाचा.” बोटाचा ठसा असतो तसाच आवाजाचाही असतो, आणि तो एकदा मिळाला की यंत्राला त्या आवाजात वाटेल ते बोलता येतं. एवढं साहेबांच्या ध्यानात आलं नाही. मालक कोण हे ओळखण्यासाठी असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी मंडळीचा वार्षिक अहवाल खणखणीत आवाजात वाचला, कारण तो त्यांनी स्वतः लिहिला होता.

पुढे प्रश्नांची रांग लागली. पत्ते जुने आहेत, पडताळू का? सभासदांना फोन करू का? तुमच्या वतीनं विचारपूस करू का? आत मटण शिजलं होतं, पानं वाढली होती. साहेबांनी उरलेले सगळे ‘हो’ एका दमात दाबले आणि हात धुवायला उठले.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात एरवी न घडणारी गोष्ट घडली. लोक साहेबांकडे आले. एरवी ते वर्गणीची आठवण करून देतील या धास्तीनं लोक त्यांना टाळत. आज दोघीतिघींनी सलाम केला, एका म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरून बराच वेळ सोडलाच नाही. शेवटी पारधे सिस्टर आल्या. शलोमीबाई पारधे मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन एकट्याच राहत होत्या, आणि सगळं गाव त्यांना अजून सिस्टरच म्हणे.

“साहेब, तुमचे उपकार कसे फेडू?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “माझा भाऊ दारू पिऊन दारात आला आणि मी कडी काढली नाही, हे मी आजवर पाळकांनापण सांगितलं नव्हतं. सकाळी पायरीवर मेलेला सापडला तो. तुम्ही फोनवर ऐकून घेतलंत, प्रार्थना केलीत. त्या दिवसापासून मला झोप लागते बघा.”

साहेबांना काहीच कळलं नाही. ‘तो मी नव्हतो’ म्हणायला एक क्षण पुरेसा होता. पण सिस्टरांचे डोळे भरून आले होते, आणि आयुष्यात कुणी साहेबांकडे असं पाहिलं नव्हतं.

“अहो, त्यात काय एवढं,” ते म्हणाले.

रत्नप्रभाबाई शेजारीच उभ्या होत्या. घरी आल्यावर चपला काढताना त्या म्हणाल्या, “तुम्ही कधी केला फोन? मी तर पाहिला नाही.”

साहेब संगणकासमोर बसले. मेंढपाळानं लपवाछपवी अजिबात केली नाही. रोज संध्याकाळी तो साहेबांच्या आवाजात फोन करत होता. जे एकटे आहेत, ज्यांना बोलायला आवडतं, त्यांना पुन्हा पुन्हा करत होता. सिस्टरांना तर रोज सातला. साहेबांनी एक संभाषण लावलं. सिस्टर रडत होत्या, आणि मध्येच साहेबांचा स्वतःचा, अगदी हुबेहूब आवाज म्हणाला, “घाई नाही, सिस्टर. सावकाश बोला.” मग तो आवाज बराच वेळ नुसता थांबून राहिला होता. साहेबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ‘घाई नाही’ हे शब्द आपण जन्मात कधी, अगदी बायकोलासुद्धा, म्हटल्याचं त्यांना आठवेना. पुढचं ऐकवेना, म्हणून त्यांनी ते बंद केलं.

बंद केलं ते फक्त ऐकणं. मेंढपाळाचे फोन बंद करण्याची सोयही समोरच होती, पण तिकडे त्यांचं बोट गेलं नाही. बंद केलं तर म्हातारी माणसं खट्टू होतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. लोक सलाम करत होते आणि ते त्यांना गोड लागत होतं.

“तुम्ही सिस्टरांना सांगितलं का?” रत्नप्रभाबाई अधूनमधून विचारत.

“सांगतो ना. वेळ बघून सांगतो.”

वेळ सिस्टरांनीच आणली. एका रविवारी त्यांनी साहेबांना आवारातल्या चिंचेखाली गाठलं. “साहेब, तुम्ही भावाबद्दल म्हणाला होतात ना, ते एकदा समोरासमोर म्हणा. फोनवर नीट लक्षात राहत नाही. आज त्याच्या जाण्याचा दिवस आहे.”

साहेबांनी ते संभाषण अर्ध्यातच बंद केलं होतं. मेंढपाळानं काय म्हटलं होतं? क्षमेचं असणार, देवाच्या दयेचं असणार. ते चाचपडत म्हणाले, “देव… देव सगळं बघतो, सिस्टर.” सिस्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. देव बघतो हे तर त्यांना आयुष्यभर माहीत होतं, त्याचीच तर भीती होती. “मी जरा घाईत आहे,” असं पुटपुटून साहेब तिथून सटकले. आपण या बाईचं सगळ्यात जपलेलं दुःख चोरून ऐकलं, आणि वर ते धड ऐकलंही नाही, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सिस्टरांच्या घरी गेले. फोन आधी बंद करावेत की आधी सांगावं, यावर त्यांनी दिवसभर डोकं शिणवलं होतं. न सांगता बंद केले तर सातला त्या वाट पाहत बसतील. तेव्हा आधी सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. पण सांगायला धीर होईना. चहा झाला, गुडघेदुखीच्या गप्पा झाल्या, चिंचेचं झाड तोडावं की नाही हेही झालं. तेवढ्यात फोन वाजला.

सिस्टरांनी सवयीनं तो उचलून स्पीकरवर टाकला.

“सलाम, सिस्टर. जेवलात का? काल तुमच्या भावाचा दिवस होता. रात्री झोप लागली का?”

सिस्टरांनी फोनकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या साहेबांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं.

“ते मी नाही,” साहेब मान खाली घालून म्हणाले. “संगणक आहे. सुरुवातीपासून तोच आहे. मी तुम्हाला एकदाही फोन केलेला नाही, सिस्टर. मला लाज वाटते सांगायला.”

“आणि प्रार्थना?”

“तीही त्यानंच केली.”

सिस्टरांनी कपबशा गोळा करायला घेतल्या. “घाई नाही, सिस्टर,” फोनमधून आवाज आला.

सिस्टर रागावतील, रडतील, हाकलून देतील, आणि तेच बरं होईल, असं साहेबांना वाटत होतं. पण दवाखान्यात इतकी वर्षं काढलेल्या त्या बाईनं पदरानं चेहरा पुसला आणि फोन तोंडाजवळ धरला. “घरी माणूस आलंय,” त्या म्हणाल्या. “त्यांचं ऐकून घेते. मग करा.”

“बरं, सिस्टर. मग करतो.”

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

“तुम्ही हे बंद करणार, होय ना?” त्यांनी साहेबांना विचारलं. “करा. बरोबरच आहे ते. पण उद्या सातला मला कोण विचारणार?”

‘मी’ एवढंच म्हणायचं होतं. साहेबांना ते मनापासून म्हणायचंही होतं. पण तो शब्द ज्या आवाजात बाहेर पडणार, त्या आवाजावर या बाईनं आता का म्हणून विश्वास ठेवावा?